ओब्राकच्या पठारावरचं आमचं गाव : थोडं कौतुक, थोडी कुरकुर

पायवाट | २ जून, सकाळी ८:१०

मागच्या आठवड्यात 'तुमच्या खिडकीतून' धाग्यावर मी एक फोटो टाकला होता. हिरवंगार पठार, दगडी गडगा, लांबवर एक दगडी खोपटं आणि नऊ गायी. त्यावर "विंडोजचा वॉलपेपर!", "निसर्गाची कृपा" आणि "माणसाचा हात लागला नाही म्हणून टिकलंय" अशा प्रतिक्रिया आल्या. तिसरी प्रतिक्रिया मी शेजारच्या शेतकऱ्याला फ्रेंचमध्ये सांगितली. तो चीज कापत होता. सुरी तशीच धरून त्यानं विचारलं, "मग आम्ही इथं काय करतो म्हणे?"

त्या प्रश्नासाठी हा धागा.

आम्ही तीन वर्षांपासून इथं राहतो. नवऱ्याची नोकरी रोदेसला, गाडीनं तासाभरावर. माझं काम लॅपटॉपवरचं. शहरात दोन खोल्यांच्या भाड्यात इथं अख्खं दगडी घर मिळालं, म्हणून आलो. ग्रामीण जीवनाची ओढ वगैरे काही नव्हतं. गावाचं नाव लिहीत नाही. दीडशे माणसांच्या गावात कोण कुणाबद्दल लिहितंय हे कळायला वेळ लागत नाही, आणि आता भाषांतराची यंत्रं सगळ्यांच्या खिशात आहेत.

ओब्राक हे फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागातलं पठार. आवेरों, लोझेर आणि कांताल हे तीन जिल्हे तिथं एकमेकांना भिडतात. उंची साधारण हजार ते चौदाशे मीटर, सगळ्यात उंच जागा १४६९ मीटर. पश्चिमेकडे बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड, आणि पूर्वेकडे ग्रॅनाइट. घरांची छपरंसुद्धा दगडी फरश्यांची, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली. पावसात ओली झाली की गाव शिशासारखं दिसतं.

जवळचं बाजाराचं गाव लायोल. लिहिताना त्यात 'ग' आहे, पण इथं तो कुणी उच्चारत नाही. मी पहिल्या दिवशी उच्चारला आणि दुकानदारीणबाईंनी इतक्या प्रेमानं दुरुस्त केलं की दुसऱ्यांदा धीर झाला नाही.

आता फोटोबद्दल. ते पठार मूळचं असं उघडं नाही. मध्ययुगात मठांनी जंगल तोडून कुरणं वाढवली आणि तेव्हापासून गायींनी ती राखली. एखाद्या कुरणात काही वर्षं गाय चरली नाही, तर आधी 'जने' नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप शिरतं, मग बर्च, मग बीच. माझ्या घरामागच्या एका तुकड्यात हे चालू आहे. मालक वारला, वारस बोर्दोला. आम्ही आलो तेव्हा जने गुडघ्याला लागायचं, आज त्यात माझी आठ वर्षांची लेक हरवते. फुलांच्या दिवसांत तिथं येणारे प्रवासी थांबून फोटो काढतात. शेजारी त्या बाजूला बघतही नाही.

बाकी विचाराल तसं लिहीन.

निवांत | २ जून, सकाळी ९:३२

वॉलपेपर म्हणणारा मीच. शेजाऱ्यांना माझ्याकडून नमस्कार आणि क्षमस्व सांगा. ते दगडी खोपटं काय आहे?

पायवाट | २ जून, दुपारी १:०५

सांगितलं. हसला. :)

ते 'ब्युरों'. उन्हाळ्यापुरतं चीज करायचं घर. भिंती हातभर जाड, अर्धं टेकडीत खुपसलेलं, म्हणजे आत गारवा राहतो. खाली चीज मुरवायचं तळघर, मधे चीज करायची खोली, वर गवताच्या ढिगावर माणसं झोपायची. पूर्वी अशी शेकडो चालायची. मे अखेरीस गडी गायी घेऊन वर जायचे ते ऑक्टोबरात उतरायचे, आणि तोवर तिथं फक्त पुरुष. मुख्य गडी म्हणजे 'कांतालेस', चीज त्याच्या हातचं. मग 'पास्त्र' हा गुराखी, 'बेदलिए' वासरांकडे बघणारा आणि 'रूल' म्हणजे सगळ्यांचं सगळं ऐकणारं पोरगं.

ओब्राक गाईचं एक आहे. वासरू लुचल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. त्यामुळे बेदलिए एकेक वासरू नावानं ओळखून सोडायचा, ते आईकडे धावायचं, चार घोट प्यायलं की त्याला आईच्या पुढच्या पायाला बांधायचं आणि मग धार काढायची. हे मला शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी अंगणात खुर्चीच्या पायाला रुमाल बांधून करून दाखवलं. ते लहानपणी एक उन्हाळा रूल होते. मी म्हटलं, आमच्याकडेही म्हशीला पारडू दाखवावं लागतं, आणि 'पान्हा' हा शब्द सांगितला. त्यांनी तो तीनदा म्हणून बघितला. फ्रेंचमध्ये त्याला असा नेमका एक शब्द त्यांनाही आठवेना, त्यांच्या जुन्या बोलीत आहे म्हणाले. ती बोली, ऑक्सितान, आता इथं सत्तरीच्या खाली फारशी कुणाच्या तोंडी नाही.

आज बहुतेक ब्युरों पडकी आहेत. काहींची उन्हाळी खानावळ झालीय. फोटोतल्याला छप्पर आहे, पण दार नाही.

बांधावरून | २ जून, रात्री ९:४८

ताई, छान लिहिताय. मी सांगोल्याकडचा, आठ गायी आणि चार एकर डाळिंब. दोन-तीन प्रश्न आहेत, रोखठोक उत्तर द्या.
एक, दर माणशी जमीन किती?
दोन, वाटण्या होऊन तुकडे का पडले नाहीत?
तीन, दुधाला भाव कोण ठरवतं?
शेजाऱ्यांची मुलं शेती करणार का, हे विचारायचं राहिलंच.

पायवाट | ३ जून, सकाळी ७:५५

भाऊ, तुमचे प्रश्न घेऊन काल रात्री शेजारच्या स्वयंपाकघरात बसले. दोन तास गेले. तेव्हा हे मोठं होणार.

शेजाऱ्याकडे सत्तरेक गायी. काही जमीन स्वतःची, बरीचशी खंडानं. अख्ख्या देशाचा हिशेब सांगायचा तर २०२० च्या कृषिगणनेत सुमारे ३ लाख ९० हजार शेतकरी-घरं निघाली आणि सरासरी क्षेत्र ६९ हेक्टर. हे ऐकून तुमचे डोळे पांढरे होतील, पण दुसरा आकडाही ऐका : १९७० मध्ये अशी घरं जवळजवळ १६ लाख होती. म्हणजे जमीन वाढली नाही, माणसं गेली. उरलेल्याच्या वाट्याला जास्त आली.

वाटण्यांचं असं. या भागात जुनी रीत 'उस्ताल'ची. उस्ताल म्हणजे घर, पण त्यात भिंती, गोठा, जमीन, जनावरं, चर्चमधला बाक आणि घराण्याचं नाव सगळंच येतं. अजूनही म्हातारी माणसं एखाद्याला आडनावानं न ओळखता घराच्या नावानं ओळखतात. आम्हीसुद्धा 'अमक्या उस्तालात राहणारे भारतीय' आहोत. हे उस्ताल फोडायचं नाही, एकाच मुलाकडे द्यायचं, बहुतेक थोरल्याकडे. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनं सगळ्या मुलांना वाटा दिला, पण इथल्या घरांनी त्यातूनही वाट काढली. एकानं घर घ्यायचं आणि भावंडांना हप्त्याहप्त्यानं पैसे द्यायचे. धाकट्यांपैकी कुणी पाद्री व्हायचं, कुणी दुसऱ्या घरात जावई, आणि उरलेल्यांनी पॅरिसची गाडी पकडायची. ज्याला घर मिळालं तो सुखी असं समजू नका. शेजाऱ्याचे वडील वयाच्या साठीपर्यंत बहिणींचे पैसे फेडत होते.

खंडाच्या जमिनीला मात्र कायद्याचा आधार चांगला. १९४५-४६ मध्ये इथं आपल्या कूळकायद्यासारखा कायदा झाला. करार कमीत कमी नऊ वर्षांचा. खंड वाटेल तेवढा लावता येत नाही, त्याची खालची-वरची मर्यादा सरकारी पातळीवर ठरते. कूळ नीट कसत असेल तर मालकाला सहजी काढता येत नाही, आणि करार पोराच्या नावे करता येतो. मोठा फरक असा की कूळ मालक होत नाही, कूळच राहतं, पण निर्धास्त राहतं. शिवाय शेतजमीन विकायला काढली की 'साफेर' नावाच्या संस्थेला आधी कळवावं लागतं. १९६० च्या कायद्यातून आलेली ही संस्था. वाटलं तर ती मधे पडून जमीन स्वतः घेते आणि एखाद्या नव्या शेतकऱ्याला देते. यात वशिला चालतो का? असं विचारल्यावर टेबलावर जरा शांतता पसरली आणि मग दोघं नवरा-बायको एकदमच बोलायला लागले. तेवढ्यावरून समजून घ्या.

दुधाचं संध्याकाळी लिहिते. पावाची गाडी आली, हॉर्न वाजतोय.

नॉर्मंडीकर | ३ जून, दुपारी ३:२०

पायवाट, उत्तम. एक भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्यांना अख्खा फ्रान्स असाच वाटेल. मी वीस वर्षं नॉर्मंडीत आहे. इथलं गाव वेगळं, चित्रच वेगळं. सपाटी, सफरचंदाच्या बागा, आणि शेताभोवती मातीच्या बांधावर वाढवलेली उंच कुंपणझाडं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं तुकडे एकत्र करायची मोठी मोहीम काढली. ट्रॅक्टर फिरायला जागा हवी म्हणून मैलोगणती कुंपणं उखडली. आता तीच पुन्हा लावायला अनुदान मिळतं. आमच्या गावातले एक गृहस्थ म्हणतात, "बापाला तोडायचे पैसे मिळाले, मला लावायचे."

आणि पॅरिसच्या दक्षिणेला बोसच्या बाजूला गेलात तर क्षितिजापर्यंत गहू, मधे एक चर्चचा मनोरा आणि धान्याची कोठारं. तिथल्या शेतकऱ्याला ओब्राकचा शेतकरी आपला वाटत नाही.

तिरकस | ३ जून, सायं. ६:११

सगळं गोड गोड चाललंय. युरोपचं अनुदान नसतं तर एक तरी गाय त्या पठारावर दिसली असती का? फ्रान्सला वर्षाला नऊ अब्ज युरोच्या आसपास मिळतात म्हणे. आपल्या शेतकऱ्याला एवढे द्या, मग बघा त्याचेही वॉलपेपर.

(काडी टाकायचा हेतू नाही. बरं, थोडासा आहे.)

पायवाट | ३ जून, रात्री १०:४०

तिरकस, काडी बरोबर जागी पडलीय. नसती दिसली. शेजारी स्वतःच म्हणतो, डोंगराळ भागाचं अनुदान थांबलं तर दुसऱ्या वर्षी तो जनावरं विकेल. त्याला याची लाज नाही वाटत, पण सुखही नाही वाटत. "मला गाईचे पैसे हवेत, गाय दिसण्याचे नकोत," हे त्याचं वाक्य. उपग्रहाच्या चित्रावर कुरणातली झुडपं मोजून अनुदान ठरतं, तेव्हा तर तो फार चिडतो. एका झाडाच्या सावलीवरून त्याचं आणि कार्यालयाचं एक अख्खं हिवाळाभर चाललं होतं.

आता बांधावरूनभाऊंचा दुधाचा प्रश्न, तो याच्याशीच जोडलेला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्युरों भराभर बंद पडायला लागले. एका दगडी खोपट्यात चार महिने गवतावर झोपायला गडी मिळेनात. ओब्राक गाय दूध कमी देते म्हणून तीही हटायला लागली. तेव्हा १९६० मध्ये इथल्या तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, नाव 'झन मोंतान्य', म्हणजे तरुण डोंगर. त्यातले आंद्रे व्हालादिए पुढे वर्षानुवर्षं या सगळ्याचा चेहरा राहिले. १९६१ मध्ये लायोल चीजला नामांकन मिळालं, आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखं. म्हणजे या हद्दीतल्या दुधाचं, या पद्धतीनं केलेलं, तेच लायोल. नियम कडक आहेत. दूध कच्चंच हवं. गाय सिमेंताल किंवा ओब्राक जातीची. मुरघास, म्हणजे दाबून आंबवलेला हिरवा चारा, चालत नाही, वाळलं गवत घालायचं. चीज कमीत कमी चार महिने मुरलं पाहिजे. एकेक चाक चाळीस-पन्नास किलोचं असतं, आणि साधारण दहा लिटर दुधाला एक किलो चीज.

मुरघास बंद म्हटल्यावर दूध घटतं, पण भाव साध्या दुधापेक्षा वरचा मिळतो. भाव ठरवताना संस्थेच्या सभेत शेतकऱ्याचा हात वर होतो, एवढा फरक. बाजाराला टँकरनं दूध घालणाऱ्यांचं रडगाणं मात्र तुमच्यासारखंच आहे. इथं दूधसंघ म्हटल्यावर कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला नवल वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की यांनी दूध वाढवायच्या मागे न लागता कमी दूध महाग विकायचं ठरवलं.

यातही मेख आहेच. नियम पावसाला बांधलेला. २०२२ च्या दुष्काळात शेजारच्या कांतालमधल्या सालेर चीजवाल्यांना ऑगस्टमध्ये उत्पादन थांबवावं लागलं, कारण गाईला खायला पुरेसं गवतच उरलं नव्हतं आणि नियम गवताचा.

बांधावरून | ४ जून, सकाळी ६:०२

मुरघास बंद म्हणजे आमच्याकडं निम्मे गोठे बंद. पण सभेत हात वर होतो हे वाचून बरं वाटलं. माझा चौथा प्रश्न तुम्ही शिताफीनं टाळलात ताई.

पायवाट | ४ जून, दुपारी १२:१५

टाळला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातही त्या प्रश्नावर दोघांनी माझ्या ग्लासात वाइन ओतली आणि विषय बदलला. मुलगी तुलूजला दातांची डॉक्टर होतेय. मुलगा शेतकीच शिकलाय, पण त्याला गायी नकोत, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हवंय. मी याहून जास्त लिहीत नाही.

खवय्यी | ४ जून, दुपारी १२:५०

इतकं गंभीर होऊ नका बाई. खायचं काय? मी शाकाहारी, मला तिथं उपाशी राहावं लागेल का?

पायवाट | ४ जून, दुपारी २:२५

उपाशी नाही राहणार, पण बटाट्यावर राहावं लागेल. इथला मुख्य पदार्थ 'आलिगो'. किलोभर बटाटे उकडून कुस्करायचे, त्यात लोणी, साय, ठेचलेली लसूण आणि साधारण चारशे ग्रॅम 'तोम', म्हणजे चीज व्हायच्या आधीची ताजी, बिनमिठाची, दाबलेली चोथ्याची वडी. मंद आचेवर लाकडी उलथण्यानं एकाच दिशेनं घोटत राहायचं. आधी गोळा, मग चिकट लापशी, आणि मग एकदम त्यात जीव येतो. उलथणं वर उचललं की हातभर लांब, चकचकीत पडदा खाली लोंबतो. इथल्या जत्रेत खुर्चीवर उभं राहून वाढतात. लोक सांगतात, स्पेनमधल्या सान्तियागोच्या ख्रिस्ती यात्रेला निघालेले लोक मठात येऊन 'आलिक्विद', लॅटिनमध्ये 'काहीतरी', खायला मागायचे, त्यावरून हे नाव. खरं असो नसो, भुकेल्या वारकऱ्याचा शब्द म्हणून मला पटतो.

एकच सांगायला हवं. तोम करताना विरजण म्हणून वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कट्टर असाल तर आधीच माहीत असू दे.

आणि कुणी विचारलं नाही तरी लिहिते, कारण वाचणाऱ्यांच्या मनात असणारच. ओब्राक गाय आज मुख्यतः मांसासाठी पाळतात. उन्हाळ्यात कुरणावर नेताना ज्यांना फुलांनी सजवतात त्याच गायींची वासरं पुढे खाटकाकडे जातात आणि त्याचंही इथं दर्जाचं लेबल आहे. मला पहिल्या वर्षी हे जड गेलं. शेजारीण बाई प्रत्येक गाय नावानं हाक मारते, आजारी कालवडीसाठी रात्र जागते, आणि विक्रीच्या दिवशी ट्रकमागे दार लावून आत जाते. तिला मी यावर काही विचारलं नाही. तिनंही मला कधी, तुम्ही का खात नाही, असं विचारलं नाही.

आजोबा_७२ | ४ जून, सायं. ७:३०

सान्तियागोच्या यात्रेबद्दल जरा विस्तारानं लिहा. मी आळंदी-पंढरपूर तेरा वेळा केलंय.

पायवाट | ५ जून, सकाळी ८:४०

काका, नमस्कार. ल प्युई शहरातून निघणारी यात्रेची वाट थेट या पठारावरून जाते. नास्बिनालहून ओब्राक गाव आणि तिथून सें-शेलीपर्यंतचा टप्पा तर १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तुमच्या वारीसारखी गर्दी, दिंड्या, टाळ-मृदंग इथं मनात आणू नका. माणसं एकेकटी, फार तर दोघं-चौघं, पाठीवर सॅक, बॅगेला या यात्रेची खूण म्हणून शिंपला बांधलेला. वर्षातले काही महिने रोज माझ्या दारावरून जातात. पाणी मागतात, "बाँजूर" म्हणतात, जातात.

ओब्राक गावात ११२०च्या सुमारास यात्रेकरूंसाठी मठ आणि रुग्णालय उभं राहिलं. फ्लँडर्सकडचा एक सरदार इथं बर्फात अडकला, वाचलो तर धर्मशाळा बांधीन असा नवस केला, आणि फेडला, अशी कथा सांगतात. तिथं एक घंटा होती, 'हरवलेल्यांची घंटा'. धुकं पडलं, बर्फाचं वादळ आलं की साधू ती वाजवत राहायचे, म्हणजे वाट चुकलेल्याला आवाजाची दिशा मिळावी.

हे ऐकायला काव्यमय वाटतं. पहिल्या डिसेंबरात मी घरापासून चारशे मीटरवर पत्रपेटीपाशी गेले होते. इथला हिवाळी वारा म्हणजे 'एसिर'. तो जमिनीवरचं बर्फ उचलून आडवं फेकतो. पाच मिनिटांत माझं घर दिसेना. रस्त्याच्या कडेला लाकडी खांब का रोवलेत हे तेव्हा कळलं. एका खांबाला हात लावून दुसरा दिसेपर्यंत थांबायचं. तशी आले. घंटा असती तर बरं झालं असतं, असं अगदी गद्य मनानं वाटलं.

कोकणी_चाकरमानी | ५ जून, सकाळी ११:०८

धाकट्यांनी पॅरिसची गाडी पकडायची म्हणालात. त्यांचं पुढे काय झालं? आमच्या घरात हीच गोष्ट आहे, फक्त पॅरिसच्या जागी लालबाग.

पायवाट | ५ जून, रात्री ९:१५

वाटच बघत होते कुणीतरी हे विचारण्याची!

त्यांनी आधी पॅरिसमध्ये पाणी वाहिलं. नळ नसलेल्या काळात बादल्या खांद्यावर घेऊन माडीच्या माड्या चढायचे. नळ आले तसे ते कोळसा विकायला लागले. कोळशाच्या दुकानात एका कोपऱ्यात वाइनचे पेले ठेवले. हळूहळू कोळसा मागे गेला आणि पेले पुढे आले. या लोकांना पॅरिसवाले 'बुन्या' म्हणायचे, जरा हिणवूनच. पुढे कॅफेच्या धंद्यात आवेरोंच्या माणसांचं नाव झालं. सें-जेर्मेंमधलं प्रसिद्ध 'लिप' हे हॉटेल १९२० मध्ये ज्यानं घेतलं तो मार्सेलें काझ, आमच्या लायोलचा.

आणि तुम्हाला आवडेल ते आता. १८८२ मध्ये लुई बोने यांनी या लोकांसाठी पॅरिसमध्ये 'ओव्हेर्न्या द पारी' हे वृत्तपत्र काढलं. त्यांनीच गावी जायला सवलतीच्या खास गाड्या सुरू करून दिल्या. लोक त्यांना 'बोनेच्या गाड्या' म्हणायचे. आता सांगा, गणपती स्पेशल आठवली की नाही?

ऑगस्टमध्ये आजही तेच. वर्षभर बंद असलेल्या खिडक्या उघडतात, पॅरिसच्या नंबराच्या गाड्या गोठ्यापुढे उभ्या राहतात, चौकात लांब टेबलं लागतात आणि ज्यांनी कधी शेण काढलं नाही ते गायींवर बोलतात. शेजारी या दिवसांत मुद्दाम पहाटे पाचला ट्रॅक्टर सुरू करतो.

कोकणी_चाकरमानी | ५ जून, रात्री ९:२२

आमच्या काकांनी गणपतीत नेमका सकाळी पंप लावायचा असतो. अगदी तस्सं. वाचनखूण साठवली.

निवांत | ६ जून, सकाळी १०:००

त्या फुलांनी सजवलेल्या गायींबद्दल जरा लिहा ना. एका ओळीत उरकलंत.

पायवाट | ६ जून, सायं. ५:३५

त्याला जनावरांचं वर चढणं म्हणतात. मुहूर्त २५ मे, सेंत उर्बेंचा दिवस. ऑक्टोबरच्या १३ तारखेला, सें झेरोच्या दिवशी, खाली उतरायचं. आता सोयीसाठी २५ च्या जवळचा रविवार धरतात आणि ओब्राक गावात जत्राच भरते.

पण आमचा शेजारी जत्रेत जात नाही. त्याच्या गायी दोन दिवस आधी, पहाटे निघतात. यंदा मीही बरोबर होते. आदल्या रात्री शेजारणीनं हिरव्या डहाळ्या आणि कागदी फुलं तारेत गुंफून ठेवली होती. फक्त तीन गायींसाठी, ज्या पुढं चालतात त्यांच्यासाठी. त्यांच्या गळ्यात मोठ्या घंटा, रुंद चामडी पट्ट्याच्या. एरवी त्या घंटा कोठीत टांगलेल्या असतात. त्यानं पहिली घंटा खुंटीवरून काढताना तिचा नुसता टण् असा आवाज झाला आणि गोठ्यातल्या सगळ्या गायी एकदम उठून उभ्या राहिल्या. सहा महिने गोठ्यात वाळलं गवत खाल्लेली जनावरं. त्यांना कळलं.

ओब्राक गाय गव्हाळ रंगाची, शिंगं वीणेसारखी वळलेली, आणि डोळ्यांभोवती काळी कड. आपल्याकडच्या बायका म्हणतील, काजळ घातलंय. दोन गडग्यांमधल्या रुंद जुन्या वाटेनं, तिला 'द्राय' म्हणतात, आम्ही चौदा किलोमीटर चाललो. मला शेवटी ठेवलं होतं, काठी देऊन. माझं काम एकच : एक लंगडी कालवड मागं राहू द्यायची नाही. तिला ते मान्य नव्हतं. प्रत्येक वळणावर थांबून ती माझ्याकडे बघायची.

वर पोचलो तर कुरण पांढरं दिसत होतं, नार्सिससच्या फुलांनी. ती फुलं इथले लोक दात्यांच्या फणीसारख्या अवजारानं तोडतात आणि ती ग्रास शहरातल्या अत्तरवाल्यांकडे जातात. फाटक उघडलं आणि एकही गाय पळाली नाही, हे मला नवल. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि खायला लागल्या. फक्त आवाज ऐकू येत होता, गवत तुटण्याचा.

इथं कुरणालाच 'मोंतान्य' म्हणतात, म्हणजे डोंगर. "त्यानं डोंगर विकत घेतला" म्हटलं की कुणी दचकत नाही.

तिरकस | ६ जून, सायं. ६:५०

हे चांगलं लिहिलंय. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, मी रोज म्हणत नाही.) एक राहिलं. एवढं सगळं रम्य आहे तर जानेवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी हायवे कशाला अडवले?

नॉर्मंडीकर | ६ जून, रात्री ८:३०

याचं मी सांगतो. डिझेलवरची सवलत काढायची चर्चा, कागदपत्रांचा जाच, बाहेरून येणारा स्वस्त माल, आणि खर्च भागत नाही हे जुनं दुखणं. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासूनच तार्न जिल्ह्यातून एक प्रकार सुरू झाला होता. गावागावांच्या नावाच्या पाट्या उलट्या टांगायच्या. "आम्ही डोक्यावर चालतोय", म्हणजे सगळा कारभार उलटा झालाय, असा त्याचा अर्थ. पोलिसांनाही काय करावं कळेना, कारण कुणी पाटी चोरली नाही, फक्त उलटी केली!

आणि हेही नोंदवून ठेवतो : इथल्या शेतकऱ्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतर लोकांपेक्षा जास्त आहे, हे त्यांचीच विमा संस्था सांगते. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण.

पायवाट | ७ जून, सकाळी ९:१०

हो. आमच्या गावाची पाटीही काही महिने उलटी होती. लेक मान वाकडी करून वाचायची.

दुसरा एक शत्रू कुणाला सुचणार नाही : उंदीर. जमिनीखाली राहणारा एक जाडसर उंदीर इथं काही वर्षांच्या फेऱ्यानं प्रचंड वाढतो. गवताची मुळं खातो आणि मातीचे ढीग वर टाकतो. ते ढीग कापणीच्या यंत्रात गेले की पातं जातं, आणि माती गवतात मिसळली की चीज बिघडतं. मागच्या वसंतात एका कुरणावर पाय ठेवायला सपाट जागा नव्हती. लांबून फोटोत मात्र ते हिरवंच दिसतं.

आजोबा_७२ | ७ जून, सकाळी १०:२५

लायोलच्या सुऱ्या प्रसिद्ध आहेत ना? माझ्या जावयाने एक आणली होती.

पायवाट | ७ जून, दुपारी १:४०

काका, आहेत, आणि भांडणही तितकंच प्रसिद्ध. १८२९ पासून इथं ती घडीची सुरी होते. मुठीवर मधमाशी आणि बारीक खिळ्यांचा क्रूस; गुराखी ती पावात रोवून तिच्यापुढे प्रार्थना करायचे असं सांगतात. पॅरिसला गेलेल्या कॅफेवाल्यांसाठी १८८० मध्ये तिला बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही लागला. पुढे बहुतेक काम तिएर शहरात गेलं आणि १९८७ मध्ये पुन्हा लायोलला परत आलं. मधे १९९३ मध्ये बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं गावाचं नावच स्वतःच्या मालासाठी नोंदवून टाकलं. वर्षानुवर्षं खटले चालले. २०१२ मध्ये लोकांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाची पाटीच काढली होती. पाट्यांवर यांचा फार राग निघतो.

जावयाला त्या सुरीचे पैसे दिलेत का? इथं सुरी फुकट घेत नाहीत, मैत्री कापली जाते म्हणतात. आमच्या दुसऱ्या नाताळात शेजारणीनं मला एक जुनी सुरी दिली आणि हात पुढे करून बसली. मला कळेना. शेवटी ती म्हणाली, "एक नाणं दे." तोवर ती मला फ्रेंचमधलं 'तुम्ही' म्हणायची. त्या वाक्यात पहिल्यांदा 'तू' आलं. मी पर्समध्ये शोधलं तर युरो नव्हताच, गावाहून परतताना राहिलेलं पाच रुपयांचं नाणं होतं. ते तिच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या कडेला अजून आहे.

आजोबा_७२ | ७ जून, दुपारी २:०२

नाही दिले. आजच देतो.

खवय्यी | ८ जून, रात्री ९:५५

रविवारचा अहवाल. आलिगो केलं. तोम इथं कुठून मिळणार, म्हणून निम्मं पनीर आणि निम्मं मोझरेला घातलं. तीस मिनिटं घोटलं, खांदा गेला. पडदा नाही, रवाळ पिठलं झालं. मुलानं चाखून विचारलं, आई, हे मुद्दाम असं आहे का?

पायवाट | ८ जून, रात्री १०:२०

अहो, पनीर कशाला! पनीर आम्लानं फाडलेलं असतं, ते कधीच वितळून तार धरत नाही. नुसतं मोझरेला घ्या, पाण्यातलं नको, पिझ्झावालं. बटाटे गरम असतानाच घाला. आणि लसूण किती घातलीत?

खवय्यी | ८ जून, रात्री १०:२३

दोन पाकळ्या.

पायवाट | ८ जून, रात्री १०:२४

शेजारीण विचारतेय, दोनच?